कोंबातल्या माडीच्या घरातला तुमचा काळ : अनुभव धागा

मडगावात कोंबहून मालभाटकडे जाताना डाव्या हाताला एक माडीचं घर होतं. पुढे लाकडी गॅलरी, खाली फळ्यांच्या दारांची दुकानं, मागे विहीर आणि माड. ते आमचं घर. गेल्या फेब्रुवारीत ते पाडलं. दीड दिवसात सगळं आटोपलं.

पाडल्यानंतर आठवडाभर मला ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे फोन येत होते. कुणी म्हणे, माझी मुळाक्षरं तिथे गिरवली. कुणी म्हणे, आमच्या लग्नाची पत्रिका तिथे छापली. एका गृहस्थांनी विचारलं, “तिथे सरकारी ऑफिस होतं ना? ते कुणाचं राहतं घर होतं?” आम्ही ज्याला नुसतं घर म्हणत होतो, ते मडगावच्या तीन-चार पिढ्यांना निरनिराळ्या नावांनी माहीत होतं, हे मला या वयात कळलं.

म्हणून हा धागा. तुमचा जो काळ त्या घरात गेला तो लिहा. एक विनंती आहे, नुसतं ‘सुंदर वास्तू होती’ असं लिहू नका. कुठल्या खोलीत बसायचात, दार कुठे उघडायचं, जिना कुठे होता, रस्त्यावरून दारापर्यंत पायऱ्या किती होत्या, ते आठवा. घराचा नकाशा कुठेच नाही. सिटी सर्व्हेच्या कागदावर पी. टी. शीट नंबर, चलता नंबर आणि एक रिकामी चौकट आहे, बस्स. मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने घर पुन्हा काढायला घेतलं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. मुरगावची रेल्वे १८८०च्या दशकात सुरू झाली आणि मडगावच्या व्यापाराला बरकत आली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत पणजोबांनी हे घर बांधलं. मीठ, नारळ, तांदूळ यांचा व्यापार. खाली पसरा, म्हणजे दुकान, मागे कोठार, वर कुटुंब. आत राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंनी ओसरी. न्हाणीत चुलीवर बसवलेला तांब्याचा भाण, त्यात पहाटेपासून पाणी तापत असे. माझ्या लहानपणी जेवायला अडतीस पानं मांडलेली मी मोजली आहेत. कार्तिकात दिंडी निघाली की गॅलरी माणसांनी भरून जायची आणि काका ओरडत, “दहाच्या वर नको, तुळई जुनी आहे!” जांबावलीच्या गुलालाला मात्र सगळं घर रिकामं, मागे फक्त एक म्हातारी आत्या आणि कुत्रा.

मी सोळा वर्षांची असताना आम्ही पर्वरीला आलो. पुढचं तुम्ही सांगा.

मडगाव, वय ६८, छापखान्यात कंपोझिटर होतो

ताई, माझ्यासाठी ते घर म्हणजे प्रेस. १९७८ ते १९९१, तेरा वर्षं. रस्त्याकडे तोंड केलं की डावीकडची खोली. तीन पायऱ्या चढायच्या, उंबरा ओलांडायचा, लगेच उजवीकडे ट्रेडल मशीन. खिडकीखाली टाइपाच्या केसेस, कारण उजेड तिथेच. दुपारी दोननंतर त्या खिडकीतून ऊन थेट केसवर यायचं. आजसुद्धा डोळे मिटून सांगेन, ‘क’ कुठे, ‘त्र’ कुठे.

लग्नपत्रिका हे मुख्य काम. माथ्यावरच्या ओळींचे टाइप आम्ही कधी सुटे करत नसू, दोऱ्याने बांधून तयार ठेवायचो. श्री दामोदर प्रसन्न. श्री मंगेश प्रसन्न. श्री शांतादुर्गा प्रसन्न. श्री म्हाळसा नारायणी प्रसन्न. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच मालक विचारत, “कुळावी कुठले?”, म्हणजे कुलदैवत कुठलं. उत्तर आलं की मी फळीवरून ती ओळ काढून ठेवलेली असे. एप्रिल-मे महिन्यांत ‘ळ’ संपायचा. मंगळवार, वेळ, स्थळ, मंडळी, त्यात म्हाळसा! अर्धी पत्रिका जुळवून ठेवायची, दुसरी छापून झाली की तिचे ‘ळ’ सोडवून आणायचे. तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकांची, हँडबिलं रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत असत, तीही तिथेच व्हायची. वयस्क वकील पोर्तुगीजमधली कार्डं छापून घ्यायला यायचे आणि स्वतः उभं राहून प्रूफ वाचायचे.

ऑफसेट आलं, आमचं काम गेलं. मशीन भंगारात वजनावर दिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पाडताना मी गेलो होतो. जेसीबीवाल्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब. खिडकीखालच्या मातीत पायाने चाळवलं तर सात टाइप मिळाले. त्यातला एक ‘ळ’ आहे. तो तुम्हाला देईन.

फोंडा, निवृत्त शिक्षिका

आमचे बाबा रत्नागिरी जिल्ह्यातले. मुक्तीनंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या तेव्हा शिक्षक म्हणून आले, १९६४ साली. आम्हाला वरच्या मजल्यावरच्या पुढच्या दोन खोल्या मिळाल्या, गॅलरीला लागून. दाराला चार पायऱ्या होत्या. मी चौथीवर बसून परकर सावरत पाढे म्हणायची, म्हणून खात्रीने सांगते. जिना उजव्या हाताला, भिंतीला चिकटून, वर झाकायची फळी. रात्री फळी पाडली की वरचं घर वेगळं व्हायचं.

त्या खिडक्या! काच नव्हती. लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा आणि त्यांत सरकवलेले शिंपल्यांचे चौकोन, तळहाताच्या निम्म्याएवढे. खिळा एक नाही. पलीकडचं काही दिसत नाही, पण उजेड ताकासारखा पांढरा आत येतो. आमच्या आधी त्या खोलीत एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तुटलेल्या शिंपल्यांच्या जागी त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्म कापून बसवल्या होत्या. संध्याकाळी ऊन कलंडलं की समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी बरगड्या उमटायच्या. धाकटा भाऊ घाबरून रडायचा. मला मात्र ते बघायला आवडायचं.

घरमालकीणबाई, म्हणजे तुमची आजी असावी, दर गुरुवारी आईला खोबऱ्याच्या वड्या पाठवायची. “मास्तरणीबाय” म्हणायची. आई घाटावरची भाजी करायची त्याचा वास आला की खालून विचारायची, “आज कितें गे?” आईला कोंकणी कळायला दोन वर्षं लागली, आम्हा मुलांना दोन महिने.

१९७२ला बाबांची बदली झाली. टांग्यात सामान चढवताना आजीने मला त्या खिडकीचा एक सुटा शिंपला दिला. माझ्याकडे आहे. पण तो मी देणार नाही, क्षमा करा. फोटो पाठवते.

आजीच्या वतीने नातू, आके

आजी ९१ वर्षांची आहे. ती सांगते तसं लिहितोय.

“आम्हांला पोर्तुगीज शाळा सकाळी, प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक. मराठी संध्याकाळी, त्या घरातल्या पुढच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात. गुरुजी सावंतवाडीकडचे, तिथेच जेवायचे, तिथेच निजायचे. आम्ही चौदा मुलं, त्यात मुली तीन. पाच पायऱ्या चढून जायचं आणि वहाणा पहिल्या पायरीवर ठेवायच्या. पाऊस आला की वहाणा वाहून जायच्या म्हणून जूनपासून अनवाणी. जमीन शेणाने सारवलेली, नंतर तांबडी सिमेंटची केली. थंड लागायची.

“१८ जून १९४६ला पाऊस होता. डॉ. राममनोहर लोहिया पोर्तुगीज राजवटीविरुद्ध मैदानावर बोलणार, ही बातमी घराघरांत पोचली होती. त्या मैदानाला लोहियांचं नाव नंतर मिळालं, आम्ही आपलं मैदान म्हणायचो. माझे दोघे मामा गेले. मी शिकायला आले होते, पण गुरुजींनी शाळा घेतली नाही. घरातल्या आज्यांनी खिडक्या ओढून घेतल्या आणि आम्हांला आत बसवलं. शिंपल्यांतून माणूस दिसत नाही, सावली दिसते. सावल्या मैदानाकडे जाताना मी पाहिल्या. मग बराच वेळ एकही नाही. मग सावल्या पळत परत आल्या. एवढंच मी पाहिलं आहे. लोक मला विचारतात, तुम्ही लोहियांना पाहिलं का? मी सावल्या पाहिल्या.”

पायऱ्या पाचच, असं आजीने दोनदा बजावलं. वर तीन आणि चार असं लिहिलं आहे ते मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांना मोजता येत नसेल.”

नावेली

१९५५ला भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा मी दहा वर्षांचा. या घराच्या पसऱ्यात नेदरलंड्सचे बटाटे, सिलोनचा चहा, डबाबंद मासळी असायची. जवळच्या बेळगावहून काही यायचं नाही आणि समुद्रापलीकडचं मात्र मिळायचं. तराजू दाराशी डावीकडे टांगलेला. इतकंच आठवतं, पण नकाशात तराजू दाखवा.

सां जुझे द आरियाल गाव, माजी सरकारी कर्मचारी

मागच्या अंगाला आमचं ऑफिस होतं, १९६५ ते १९८३. सरकारने भाड्याने घेतलं होतं. मी शेवटची नऊ वर्षं तिथे कारकून. पुढच्या दाराने यायचं नाही, बोळातून मागच्या दाराने यायचं.

राजांगणावर छप्पर घातलं ते आमच्या ऑफिसने. फायली ठेवायला जागा नव्हती, आणि मधे एवढी मोकळी चौकोनी जागा. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आडवे टाकले, खाली लोखंडी रॅक उभे केले. तुळशीवृंदावन मधोमध तसंच राहिलं. त्याला हलवायचं का, अशी चर्चा झाली तेव्हा आमचे हेडक्लार्क, ख्रिस्ती गृहस्थ, म्हणाले, “तें थंयच रावतलें.” त्यावर कुणी फाईल ठेवली तर ते स्वतः उठून उचलायचे. तुळस उन्हाविना गेली, पण आमचा शिपाई रोज सहा वाजता जाताना तिथे उदबत्ती लावायचा. लाकूड, कागद आणि उदबत्ती! आज विचार करून अंगावर काटा येतो, पण कधी काही झालं नाही.

ऑफिस नव्या इमारतीत गेलं. पत्रे तिथेच राहिले. काढायचे कुणी, यावर पत्रव्यवहार झाला होता. त्याची टिपणं मीच टाइप केली होती.

घर शाकारणारा, राय गाव

वरच्या साहेबांनी पत्र्यांचं लिहिलं ते बरं झालं. मला तेच सांगायचं होतं.

माझा बापूय आणि मागाहून मी, आम्ही ते घर दर मे महिन्यात शाकारलं. बापायने किती वर्षं केलं ते माहीत नाही, मी १९८६ ते २००९. मंगलोरी कौलं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात, त्यावरून तुम्हीच हिशेब करा त्या छपरावर किती असतील. चार माणसं, नऊ दिवस. सगळी उतरवायची नाहीत. रांगेने सरकवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बदलायची, रिपा ठोकून बघायच्या, आढ्यावरचे कोने चुन्याने पुन्हा बसवायचे. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांची झापं बांधायची, म्हणजे पावसाचा मारा गिलाव्यावर येत नाही.

पूर्वी राजांगणात चारी छपरांचं पाणी पडायचं आणि मोरीने बाहेर जायचं. घर बांधणाऱ्याने तसा उतारच दिला होता. पत्रे घातल्यावर ते पाणी पत्र्यांवर आणि पत्रे भिंतीला टेकलेले. त्या सांध्यात पन्हळ बसवली होती, पण पन्हळ गंजते, पानांनी तुंबते. मग पाणी भिंतीत. आमचा चिरा बाहेरून कठीण वाटतो. भिंतीतला जोड मात्र मातीचा असतो आणि वरून चुन्याचा गिलावा. गिलावा फुटला की माती धुपते, चिरे एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे होतात. मी दर वर्षी तो सांधा डांबराने भरायचो आणि सांगायचो, पत्रे काढा. ऐकायला घरात कोण होतं? भाडेकरू म्हणायचे मालकाला सांग. मालक कुठला शोधायचा?

२०१०च्या मे महिन्यात मला कुणी बोलावलं नाही. २०११लाही नाही. घराला कुलूप. २०१४ला शेजाऱ्यांच्या बाजूची कौलं सुटून पडायला लागली म्हणून मला बोलावलं, तेवढी बाजू उतरव म्हणून. मी वर चढलो. वाशांची टोकं बोटाने निघत होती, भिजलेल्या बिस्किटासारखी. आढं मात्र तसंच होतं. मटीचं लाकूड, टणक. त्याला काही झालं नव्हतं. मी खाली उतरलो आणि पैसे न घेता गेलो.

पायऱ्या? दोन. पावसात गटाराचं पाणी दुसरीला लागायचं, जोर असला तर आत.

मुंबई, घराच्या एकतीस हिस्सेदारांपैकी एक

हे लिहायला मला तीन दिवस लागले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोव्यात वारसाहक्काला १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. तिचाच गाभा पुढे राज्याच्या २०१२च्या कायद्यात आला आणि तो कायदा २०१६च्या डिसेंबरात अंमलात आला. मुलगा-मुलगी समान वारस. निम्मी मालमत्ता मृत्युपत्रानेसुद्धा त्यांच्यापासून काढून घेता येत नाही. लग्न झालं की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता एक, म्हणजे वाटणीत दोघांच्या सह्या. न्यायाची गोष्ट आहे, माझ्या आईला आणि मावश्यांना तिच्यामुळेच हक्क मिळाला. पण आजोबांना सात मुलं, मग त्यांची मुलं, त्यांचे जोडीदार. २००८ला आम्ही एकतीस झालो. लिस्बनला दोन कुटुंबं, एक बहीण कॅनडात, मी मुंबईत.

इन्व्हेंतार, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा, घातला. वारसांची यादी, मालमत्तेची यादी, मूल्यांकन, मग एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली. पणजीच्या आणि म्हापशाच्या काही कुटुंबांत एकाने बोली जिंकून घर राखलं, असंही झालेलं मला माहीत आहे. आमच्यात कुणाची ऐपत नव्हती. खाली दुकानाचे दोन जुने भाडेकरू होते, १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे. एकाचं भाडं महिना बावीस रुपये. त्या भाड्यात एका दिवसाची शाकारणी होत नाही. भाडेकरूला दोष देत नाही, त्याचंही पोट त्या जागेवर होतं.

बहुतेकांना विकायचं होतं. मी सही दिली नाही. घर राहावं म्हणून दिली नाही, हे खरं. पण सहा वर्षांत दुरुस्तीसाठी मी एक रुपयाही पाठवला नाही, हेही तितकंच खरं. मला वाटायचं, सही अडवली की घर वाचलं. राय गावच्या या दादांचं लिहिणं वाचलं. २०१०च्या मे महिन्यात त्यांना फोन करायला नऊ दिवसांच्या मजुरीपलीकडे काही लागत नव्हतं. ते मी एकटा देऊ शकत होतो.

ताई, तू मला कधी बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पणजी, मळा

पणजीच्या फोंताइन्यास वस्तीतली जुनी घरं लोक फोटोत बघतात. ती टिकली याला एक कारण म्हणजे तो विभाग संरक्षित म्हणून नियोजनात नोंदलेला आहे, तिथे हवं तसं पाडता-बांधता येत नाही. दुसरं कारण रोजचा वापर. आमच्या शेजारचं घर आधी राहतं, मग विद्यार्थ्यांची खोल्यांची सोय, आता गेस्ट हाऊस. जुन्या भाडेकरूंना काढताना वाईट प्रकार झाले, ते मी पाहिले आहेत, ते विसरायला नकोत. पण छप्पर दर वर्षी होतं. पावसाळा गेला की रंग दिला जातो.

मडगावातलंच सांगायचं तर बोर्ड्याचं सात बुरजांचं घर बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीचं. नावात सात, उभे तीन. आणि तरीही ते घर आहे, कारण त्या तीन बुरजांखाली माणूस राहिला.

जुन्या लाकडाचा व्यवसाय, बार्देश

मी लिहावं की नाही असं वाटत होतं. तुमच्या घराचे खांब, दोन दारं, गॅलरीचा कठडा आणि तुळया मी घेतल्या. पाडणाऱ्या कंत्राटदाराकडून रीतसर विकत घेतल्या.

आम्हांला काही लोक गिधाडं म्हणतात. आम्ही घेतलं नसतं तर बेकरीच्या भट्टीत गेलं असतं, हे मी पाहिलेलं आहे. दारं सागाची. खांब फणसाचे, आतून अजून पिवळे. प्रत्येक सांध्याच्या आत सुताराने देवनागरी आकडे कोरलेले, १ चा खांब १ च्या तुळईत. खाली पाडून जोडून बघून मग वर चढवलेलं काम आहे. नऊ सांधे मी पाहिले, ७ चा आकडा दोनदा कोरलेला आहे, एक खोडून पुन्हा.

खांब एका हॉटेलात गेले. कठडा अजून माझ्या गोदामात आहे. दहा माणसांच्या वर नको, असं तुमचे काका म्हणायचे ते वाचलं. कठड्याच्या मधल्या भागाला हात घासून घासून गुळगुळीत झालेला एक पट्टा आहे, हातभर लांबीचा. येऊन बघा. घेऊन जायचा असेल तर पैशांचं नंतर बोलू.

आर्किटेक्ट, मडगाव

विद्यार्थिनी असताना २०१५ला आम्ही तिघींनी अभ्यासासाठी या घराची मापं घेतली होती. शेजाऱ्यांकडून किल्ली मिळाली. वरचा मागचा भाग धोक्याचा म्हणून जाऊ दिलं नाही, त्यामुळे आराखडा अपुरा आहे. जेवढा आहे तेवढा पाठवते. तळमजला पूर्ण, पुढची माडी पूर्ण, जिना १७ पायऱ्यांचा.

पायऱ्यांचा वाद चालला आहे तर वहीत बघितलं. पुढे रस्त्यापासून जोत्याची उंची १४ इंच, दोन पायऱ्या. मागे विहिरीच्या बाजूला जमिनीपासून जोतं ३५ इंच. तेव्हा आम्ही शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मागचं अंगण खोल आहे, असं समजलो होतो.

पुन्हा मी

काल साइटवर गेले. पुढच्या बाजूने पायाचा चर खणला आहे. डांबराच्या थरांची कड स्पष्ट दिसते, काळा, मग खडी, पुन्हा काळा, पुन्हा खडी. त्याखाली तीन पायऱ्या आहेत. चिऱ्याच्या, वरची कड झिजून मधे वाटीसारखी झालेली. आपल्यात चुकीचं कुणीच मोजलं नव्हतं. आजीला हे आज वाचून दाखवा.

सर्वांत खालची पायरी मागितली. मुकादम भला माणूस, म्हणाला, उद्या टेंपो घेऊन या. आणते आहे.

कठडा बघायला मी रविवारी बार्देशला जाईन. मुंबईच्या भावाला कालच फोन केला, तोही येतो आहे. राय गावच्या दादांना माझी विनंती, तुम्हीही चला, लाकूड तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. प्रेसवाल्या काकांचा ‘ळ’ मी घेणार नाही, तो त्यांच्याकडेच असावा. फोंड्याच्या बाईंनी शिंपला जपून ठेवावा. मला फोटो पुरे.

पुठ्ठ्यावर आता तराजू आहे, ट्रेडल आहे, जिना १७ पायऱ्यांचा आहे, तुळस रॅकच्या मधे आहे. पाच पायऱ्या काढल्या. विहीर मला स्वतःला आठवते. परवा तिच्यात भर टाकली, तेव्हा तिची जागा पावलांनी मोजून आले.

एक जागा अजून कोरी आहे. स्वयंपाकघराला लागून एक अंधारी कूड, म्हणजे खोली, होती. घरातल्या सगळ्या बायका तिथेच बाळंत झाल्या, माझाही जन्म तिथलाच. पुढे तिथे जळाऊ लाकडं भरली, मग ऑफिसच्या काळात तिला कुलूप होतं. आत गेल्याचं मला एकदाही आठवत नाही. मोजणीतही ती मागच्या भागात राहून गेली असं आर्किटेक्ट मुलीने फोनवर सांगितलं.

तिला खिडकी होती का? विहिरीच्या बाजूला की बोळाच्या? कुणी पाहिली असेल तर सांगा.